पालथी कळशी

१

गरम पाण्याचा टब घरात आणायच्या आधी काय काय बघावं लागतं, हा विषय कोणी काढला की तेजश्रीला थांबवणं कठीण. आधी वजन बघा, ती म्हणायची. पाणी भरलं, माणसं बसली, की विटांनी भरलेला टेंपो घरात उभा केल्यासारखं होतं; साध्या जमिनीवर ठेवलात तर एक बाजू खचणारच. मग वीज बघा, अर्थिंग बघा. सांडपाणी कुठं जाणार ते बघा, कारण औषध घातलेलं पाणी भाताच्या खाचरात गेलं तर शेजारी भांडायला येईल, आणि त्याचं बरोबरच असेल. झाकण घट्ट बसतं का बघा. आणि एका वेळी कितीजणी बसणार ते आधीच ठरवा, त्याहून एकही जास्त धरू नका.

हे सगळं तिने खरंच बघितलं होतं. हंगेरीतल्या देब्रेत्सेन गावी ती फिजिओथेरपी शिकायला गेली आणि शिकली बाकी बरंच. पण तिच्या डोक्यात घर करून बसलं ते तिथलं गरम पाण्याचं कुंड. बाहेर बर्फ, आत वाफ, आणि छातीपर्यंत पाण्यात बसलेल्या सत्तरीच्या बाया. गुडघे कामातून गेलेल्या. पाण्यात त्या पोरींसारख्या हलायच्या. तेजश्री काठावर उभी राहून बघायची आणि तिला आपलं गाव, पोशीर, आठवायचं. चिखलात दिवसभर वाकून भात लावणाऱ्या बाया, ज्यांच्या गुडघ्यांना आयुष्यभर मिळतं काय, तर बाम आणि 'वय झालं आता'. हे सुख त्यांना का नाही? कोणी ठरवलं?

त्यातली पहिली बाई तिची आईच. संध्याबाईंना डॉक्टरांनी गुडघे बदलायला सांगितले होते आणि त्या ऑपरेशनला घाबरत होत्या. नवरा ऑपरेशनच्या टेबलावरून परत आला नव्हता; त्यांचं म्हणणं एवढंच होतं. तेजश्रीने मुंबईतली नोकरी नाकारली, पोशीरला परत आली, मागचा गोठा मोकळा केला, जाड काँक्रीट ओतलं आणि लोधिवलीजवळच्या एका दुकानातून टब आणला.

"रिसॉर्ट काढताय का मॅडम?" दुकानातल्या मनोजने विचारलं होतं.

"नाही. आमच्या गावातल्या बायांसाठी."

"फोटो टाका मग," तो म्हणाला. "आमची पण जाहिरात होईल."

२

टब चौघींचा होता. मनोजने बजावलं होतं, की पाणी फिल्टरच्या तोंडाखाली गेलं तर मोटर जळेल आणि जास्त भरलं तर माणूस बसल्यावर सांडेल. म्हणून तेजश्रीने पहिल्याच दिवशी नेलपॉलिशने आतल्या बाजूला खुणा केल्या. कोणी बसलेलं नसताना पाणी असतं तिथं रिकाम्या टबाची लाल रेघ. मग आईला हात धरून आत उतरवलं. उतरताना संध्याबाईंनी दातांतून श्वास आत ओढला, "स्स्स," गरम पाण्यात बसताना कोणीही ओढतं तसा. पाणी चढलं, तिथं एकीची खूण. मग तेजश्री स्वतः उतरली, तिथं दोघींची. मायलेकी अंगापिंडाने सारख्या, त्यामुळे रेघांमधलं अंतर अगदी सारखं आलं. तेजश्रीला फार बरं वाटलं. मोजता येतं ते सुधारता येतं, असं ती मानायची.

प्रश्न राहिला पाण्याचा. बोअरचं पाणी जड. हीटरवर क्षार धरणार. घरामागच्या टेकाडावर, त्यांच्याच बांधाच्या वर, एक झरा होता. खाली दगडात कोरलेली कुंडी. पलीकडच्या ठाकरवाडीतल्या बाया पिढ्यान् पिढ्या तिथून पाणी नेत. आता वाडीत नळ आला होता. तरी तेजश्री वाडीत जाऊन विचारून आली, आणि कुंडीतून वाहून जाणारं तेवढंच पाणी घ्यायचं असं ठरवून तिने पाइप टाकला.

"घे की," गोदूबाई म्हणाली होती. ती वाडीतली, संध्याबाईंच्या बरोबरीची. दोघींनी एकमेकींच्या बांधावर आयुष्य काढलेलं. "पानी काय आमी बांधून ठेवलंय व्हय?"

टब सुरू होऊन थोडे दिवस झाले तेव्हा तेजश्री झऱ्याची जागा साफ करायला वर गेली. कुंडीशेजारच्या दगडी कट्ट्यावर भांड्यांची रांग होती. पोचे आलेले हंडे, रंगाचा रिकामा डबा, सगळी पालथी. उन्हाळ्यात नळ आटला की बाया परत इथं येत, तोवर भांडी तशीच. तिने एकेक घासून धुतलं, वाळवलं आणि होतं तसं परत ठेवलं. रांगेत सगळ्यात पुढं, कुंडीला अगदी लागून, एक तांब्याची लहान कळशी होती. काळीठिक्कर पडलेली. पाऊलवाटेने दोन मुली सरपण घेऊन चालल्या होत्या, त्यांना तिने विचारलं, "ही कोणाची गं?"

"कुनाची नाय," मोठी म्हणाली आणि दोघी हसत पळाल्या.

कोणाचीच नसलेली, इतकी सुंदर वस्तू. तेजश्रीने ती घरी आणली. चिंच आणि मीठ लावून घासली तेव्हा आतून लालसर सोनं उजळलं. तिने कळशी टबाच्या काठावर सुलटी ठेवली आणि तिच्यात पळसाची एक फुललेली डहाळी खोचली. मग फोटो काढून मनोजला पाठवला.

३

दुसऱ्या दिवशी दुपारी आई टबात बसलेली असताना तेजश्री बाहेर टॉवेल वाळत घालत होती. आत हीटरची घरघर. पत्रा उन्हाने तडतडत होता. मग हीटर आपोआप थांबला, जसा पाणी तापल्यावर थांबतो, आणि त्या शांततेत तिला ऐकू आलं, "स्स्स."

आई परत उतरली? पण ती तर मघाशीच बसली होती. तेजश्रीने आत डोकावून बघितलं.

"काय गं?" संध्याबाई म्हणाल्या. डोळे मिटलेले, चेहरा गुलाबी.

"काही नाही. बाहेर आली होतीस का मध्ये?"

"मला एकटीला येता आलं अस्तं तर तुला कशाला शिकवून आनली अस्ती?"

तेजश्री हसली. मग तिची नजर टबाच्या आतल्या बाजूला गेली. पाणी दोघींच्या खुणेवर होतं.

पाइपचा व्हॉल्व्ह नीट बंद झाला नसेल. तिने जाऊन बघितलं, बंद होता. गरम झालं की पाणी फुगतं, पण इतकं नाही. काँक्रीट खचून टब कलला असेल, म्हणून तिने पाणसळ आणून चारही बाजूंना लावली. मधला बुडबुडा कुठंच सरकला नाही. मग तिने आईला हात देऊन बाहेर काढलं. पाणी खाली गेलं आणि एकीच्या खुणेवर येऊन थांबलं. लाल रेघ पाण्याखालीच राहिली.

"बघत काय बसलीस?" संध्याबाई टॉवेल गुंडाळत म्हणाल्या. "मला चा ठेव."

ती चहा ठेवून परत आली तेव्हा पाणी लाल रेघेवर होतं. टबाच्या पलीकडच्या बाजूची पायरी, जिकडून आई कधीच उतरत नव्हती, ओली होती.

४

गोदूबाई येऊ लागली ती आधी नुसती बघायला. मग एक दिवस लुगड्याचा काचा मारून सरळ आत उतरली आणि पाण्याने तिची पार लहान मुलगी केली.

"वैनी, ह्ये म्हंजे शिजताना भाताला कसं वाटत असंल, तसं हाय गं!"

"तू शिजलीस तर आमच्या मागं वास सोडशील," संध्याबाई म्हणाल्या. "सरक जरा."

"आनि किती सरकू? पार कडंला आले की."

तेजश्री दाराशी आईच्या गुडघ्यांच्या हालचालींची नोंद मनातल्या मनात करत उभी होती. पाय आता किती सहज दुमडतोय, हे तिला बघायचं होतं. पण तिचं लक्ष दुसरीकडेच गेलं. टबात चार बाक. आई एकावर, गोदूबाई तिच्याशेजारच्या दुसऱ्यावर. समोरचे दोन मोकळे. आणि तरीही दोघी एकमेकींना खेटून, खांदा अंगात आवळून बसल्या होत्या. गर्दीच्या एसटीत तिसरीला जागा करून द्यावी तशा. गप्पांमध्ये कोणाच्या ते लक्षातही नव्हतं.

"समोर बसा ना एकीने," तेजश्री म्हणाली. "मोकळं आहे."

दोघींनी एकाच वेळी समोर बघितलं. मग एकमेकींकडे बघितलं.

"हितंच बरं हाय," गोदूबाई म्हणाली, आणि तिने विषय बदलला.

गोदूबाई अंगाने बारीक. दोघी मिळून पाणी दोघींच्या खुणेच्या जरा खालीच राहायला हवं होतं. ते त्या खुणेच्या बरंच वर होतं. काठावरच्या डहाळीतून गळलेली पळसाची एक पाकळी तरंगत आली आणि समोरच्या मोकळ्या बाकापाशी येऊन थांबली. मोटर चालू होती, पाणी घुसळत होतं. बाकी सगळं गोल फिरत होतं. पाकळी तेवढी, कशाला तरी चिकटल्यासारखी, एका जागी वरखाली होत राहिली. सावकाश. श्वास घेतल्यासारखी.

५

"मॅडम, टब चौघींचाच आहे," मनोज फोनवर म्हणाला. "पाणी वर येतंय म्हणजे माणसं जास्त बसतायत. दुसरं काय असणार?"

"एकच माणूस बसलंय."

"मग माणूस मोठं असेल," तो हसला. ती हसली नाही तेव्हा म्हणाला, "सेन्सरचा प्रॉब्लेम असेल. पोरगा पाठवतो."

सेन्सरचा पाण्याच्या उंचीशी काय संबंध, हे तिने विचारलं नाही. आपल्याला खरं तर काय विचारायचंय तेच तिला कळत नव्हतं.

त्या दुपारी आई झोपल्यावर ती एकटी टबात उतरली. भरदुपार, जाळीतून ऊन आत येऊन पाण्याच्या तळापर्यंत गेलेलं. लपायला कोणाला जागाच नव्हती. तिने मोटर बंद ठेवली. पाणी हललं, निवांत झालं आणि एकीच्या खुणेवर थांबलं. बरोबर. तिने मोठा श्वास सोडला. देब्रेत्सेनला तिच्या बाई सांगायच्या, रोग्याचं दुखणं अर्धं त्याच्या अपेक्षेत असतं. तसंच हे. आपणच खुणांकडे बघत बसलो तर त्या हलणारच.

मग पाणी चढायला लागलं.

धक्का नाही, लाट नाही. एखादं माणूस आवाज न करता, काठाला धरून, सवयीने उतरावं तसं. पाणी तिच्या छातीवरून गळ्याकडे आलं. दोघींच्या खुणेवर थांबलं. अगदी जवळून, पाण्याच्या उंचीवरून, कोणीतरी श्वास आत ओढला.

समोर ऊन होतं, पांढरा बाक होता, तळ दिसत होता. तेजश्रीने धीर करून डावा पाय समोर लांब केला. तिला खात्री करून घ्यायची होती, एवढंच. पाय कशाला लागला नाही. पण तो सरळही झाला नाही. अर्ध्या वाटेत, समोर बसलेल्या अनोळखी बाईला लागू नये म्हणून आपण आखडतो तसा, तो तिचा तिनेच आखडून घेतला होता.

ती बाहेर आली. अंग पुसायलाही थांबली नाही. झाकण ओढून लावलं, चारही क्लिपा बसवल्या. मग दारापर्यंत जाऊन परत आली आणि क्लिपा काढल्या. का, ते तिला सांगता आलं नसतं. आत कोणाला तरी कोंडून ठेवल्यासारखं वाटलं.

६

खरं तर तिने त्याच दिवशी टब रिकामा करायला हवा होता. तेवढं तिला कळत होतं.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली तेव्हा आई ओट्यापाशी उभी राहून भाकऱ्या थापत होती. भिंतीला न धरता. गेली काही वर्षं संध्याबाई स्टुलावर बसून स्वयंपाक करत होत्या. तेजश्री दारात उभी राहिली आणि तिला रडू आलं.

"रडायला काय झालं?" संध्याबाई म्हणाल्या. "ह्ये बघ." त्यांनी एक पाय उचलून गुडघ्यात दुमडून दाखवला. "येत्या रईवारी सगळ्या यायच्या म्हनतात. हिरूची सासू, खालच्या आळीतल्या बाया. मी सांगितलंय, माज्या पोरीनं बाहेरदेशातनं नुसती पदवी नाय आनली."

इतक्या वर्षांत आईने तिचं असं कौतुक कधी केलं नव्हतं. तेजश्री गोठ्यात गेली, झाकणावर हात ठेवून उभी राहिली. पाण्याच्या उंचीत गोंधळ आहे म्हणून आईचे पाय काढून घ्यायचे? कुठल्या शास्त्रात बसतं हे? वाफ आहे, उकाडा आहे, झोप कमी झालीय. आणि समजा असेलच काही, तर त्याने कोणाचं वाईट केलंय? नुसतं बसतं. बायांना हवं तेच त्यालाही हवंय.

स्वतःच्या मनातला 'त्याला' हा शब्द तिला आवडला नाही.

एकच अट तिने घातली. "मी असल्याशिवाय उतरायचं नाही, आई. पाय घसरला तर?"

"बरं," संध्याबाई म्हणाल्या. पण त्या दुपारी तेजश्री मागच्या दाराने आली तेव्हा गोठ्यातून आईचा आवाज येत होता. हळू, गप्पांचा. मध्ये थांबत, ऐकून घेत, परत बोलत. "...आमचं पन तसंच. आदी घरातल्यांचं, मग आपलं. आपला नंबर येतो कुटं?"

तेजश्रीने दार उघडलं. आई एकटीच होती.

"कोणाशी बोलत होतीस?"

संध्याबाई जराशा लाजल्या. "बोलायला कोन लागतंय? गरम पान्यात बसलं की तोंड सुटतं."

७

शनिवारी गोदूबाई आली ती पळसाची ताजी डहाळी घेऊन. जुनी काढून नवी लावावी म्हणून तिने कळशीकडे हात नेला. आणि हात तसाच राहिला. आजवर ती या बाजूला कधी आली नसावी, किंवा घासूनपुसून लखलखीत झालेली कळशी तिला ओळखू आली नसावी.

"ही झऱ्यावरची," ती म्हणाली.

"हो. तिथं नुसती पडून होती. पोरी म्हणाल्या, कोणाची नाही."

"कुनाची नाय हे खरं." गोदूबाईने पदराला हात पुसले. नेहमीची थट्टा आवाजात नव्हती. "पन पुडं कुनी ठेवलीय? रांगंत?"

"म्हणजे?"

"अगं, झऱ्यावर तासन् तास बसावं लागतं उन्हाळ्याचं. थेंब थेंब पानी. मग बाई भांडं ठेवून जाते. भांडं म्हंजे तिचा नंबर. ते कुनी हलवत नाय, कितीबी तान लागली तरी. ही पयल्यापासून पुडं हाय. माजी आजी यायची तवाबी पुडंच व्हती. आमी आपलं तिच्या मागं नंबर लावतो."

"पण कोणाचा नंबर?"

"ते कुनाला म्हाईत? आमी कदी इचारलं नाय." तिने कळशीकडे बोट केलं. "पालथी व्हती ना तितं?"

"हो."

"पालथी म्हंजे थांबलीय. सुलटी केली..." गोदूबाईने कळशीच्या उघड्या तोंडाकडे बघितलं, मग टबाकडे. आत पाणी स्थिर होतं, हिरवट, वाफाळलेलं. "सुलटी केली म्हंजे तिचा नंबर आला, बाय."

ती टबात उतरली नाही. गुडघे आता दुखत नाहीत म्हणाली. जाताना चपला हातात घेऊन, अंगण ओलांडेपर्यंत अनवाणीच गेली, आणि बांधावर चढताना तिने गुडघ्यावर हात टेकला.

८

उद्या बाया येणार होत्या. तेजश्रीने डहाळी काढून टाकली, कळशी कमरेवर घेतली आणि आईला हाक मारली.

"मी जरा वर जाऊन येते. पाण्यात उतरू नकोस."

"ऊन बघ किती हाय," आतून आवाज आला.

आपण अंधश्रद्धेला शरण जातोय, असं वाटून घेण्याचा तिने चढ चढताना प्रयत्न केला, पण तो जमला नाही. दुसऱ्याची वस्तू परत ठेवतोय, तिने स्वतःला सांगितलं. वाडीची रीत आहे, आपण मोडली, आपण सुधारतोय. सरळ हिशेब. टेकाड वाळलेल्या गवताने पिवळं पडलं होतं. खालून नेरळकडे जाणाऱ्या गाडीचा भोंगा आला आणि विरला.

अर्ध्या चढावर कळशी जड वाटायला लागली.

दमले, ती म्हणाली. पण कमरेला काठाची कड रुतत होती, भरलेल्या भांड्याची रुतते तशी. तिने आत बघितलं नाही. बघितलं तर पुढं चालणं होणार नाही, हे तिला माहीत होतं. मागे गवत चुरचुरलं. ती थांबली की थांबायचं. वारा असेल. पण समोरचं गवत हलत नव्हतं.

कट्ट्यावरची रांग तशीच होती. सगळ्यात पुढं, कुंडीला लागून, एका भांड्याची जागा मोकळी. कोणीही पुढं सरकलं नव्हतं. तेजश्रीने कळशी दोन्ही हातांत धरली आणि पालथी केली.

पाणी आलं. गरम. औषधाचा, क्लोरीनचा वास असलेलं, तिच्या पायांवर सांडत, कट्ट्यावरून ओघळत, कोरड्या मातीत जिरत. लहानशी कळशी, पण पाणी बराच वेळ येत राहिलं. ते थांबलं तेव्हा तिने कळशी जागेवर टेकवली आणि मागे न बघता खाली धाव घेतली.

९

गोठ्यात मोटर बंद होती. पत्रासुद्धा तडतडत नव्हता.

संध्याबाई टबात बसल्या होत्या. समोरच्या बाकावर, जिथं त्या कधीच बसत नव्हत्या.

"आई! मी सांगितलं होतं ना, एकटी उतरू नकोस."

"एकटी कुटं? ती होती की."

तेजश्री काठाला धरून उभी राहिली. छाती धपापत होती. तिने आधी खुणांकडे बघितलं, आणि तिला हायसं वाटलं. दोघींची खूण कोरडी होती. संपलं. परत ठेवली आणि संपलं.

मग तिने नीट बघितलं. एकीची खूणही कोरडी होती. पाणी लाल रेघेवर होतं. रिकाम्या टबाच्या रेघेवर. आणि आई त्यात छातीपर्यंत बसली होती.

"कुठंय ती आता?" आपलाच आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला.

"तुझ्या मागनंच गेली नाय का वर? तिचं भांडं तू नेलंस, मग जायलाच पायजे." संध्याबाईंनी डोळे उघडले. किती शांत चेहरा. "मला म्हनाली, येईस्तवर माझा नंबर धर."

"बाहेर ये, आई. हात दे."

"नंबर सोडून? असं करतात व्हय कुनी?"

"तुझे गुडघे..."

"कायच दुखत नाय गं, तेजू." त्या हसल्या. "अंग हाय का नाय, तेच कळत नाय."

तेजश्रीने हात पाण्यात घालून आईचा हात धरला. तो होता. गरम होता, बोटांची टोकं पाण्याने सुरकुतलेली, तिसऱ्या बोटावर विळा लागल्याची जुनी खूण. तिने ओढला. हात आला, पण आई जागची हलली नाही. दगडी कट्ट्यावर ठेवलेलं भांडं हलत नाही तशी.

मग तिने चपला काढल्या आणि कपड्यांसकट, आईचा हात न सोडता, काठावरून पाय आत टाकला. दातांतून श्वास आत ओढला गेला. ती आईच्या शेजारी, अगदी खेटून बसली आणि खुणांकडे बघत राहिली.

पाणी चढलं. एकीच्या खुणेवर येऊन थांबलं.

ती वाट बघत राहिली. ते पुढं चढलं नाही.

"सरक जरा," संध्याबाई म्हणाल्या. "ती आली की तिला जागा लागंल."

टेकाडाकडचं दार उघडंच राहिलं होतं. मायलेकी हातात हात घेऊन त्याच्याकडे बघत बसल्या.